आधी वही, मग नाणं



मुख्याध्यापक सरांनी पत्रातून विषय कळवला होता, ‘प्राचीन नाण्यांचा छंद आणि विद्यार्थ्यांना मार्गदर्शन’. त्याची तयारी मी केली आहे, कागदही खिशात आहे. पण मंचरहून येताना डिंभ्याचं पाणी दिसलं, पुढे घाट चढलो, तळेघरचा फाटा आला आणि कागदावरचं सगळं मागे पडलं. तेव्हा आधी जे मनात दाटलंय ते बोलतो. मार्गदर्शनाकडे येतोच.

१९७८ साली मी या शाळेत सातवीला होतो. आता जिथे हे व्यासपीठ आहे, तिथे तेव्हा भाताचं खाचर होतं. शाळेच्या खोल्या कौलारू. पावसाळ्यात पोत्याची खोळ डोक्यावर आणि दप्तर पोटाशी धरून आम्ही वाड्यावस्त्यांवरून यायचो, अंगावरचे कपडे अंगावरच वाळायचे. घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा, आंब्याला टांगलेला. तो वाजवणारे मामा आज पहिल्या रांगेत बसले आहेत. मामा, उठू नका, बसा. मुलांनो, मामांनी घंटा वाजवायला पाच मिनिटं उशीर केला आणि आवणीच्या दिवसांत चिखलातून लांबून येणारी सगळी पोरं हजेरीत बसली, असं कितीदा झालं आहे. हे मी आज पहिल्यांदा जाहीर सांगतोय. मामा, तुमचे उपकार आहेत.

आणि ज्यांच्यामुळे मी आज इथे उभा आहे, ते आमचे इतिहासाचे सर. ते आज नाहीत. सर देशावरचे, इथल्या पावसाची त्यांना सवय नव्हती, पण बदली मागून ते गेले नाहीत. एकदा श्रावणात असा पाऊस कोसळत होता की कौलांवरच्या आवाजात त्यांचं शिकवणं शेवटच्या बाकापर्यंत पोचेना. सरांनी पुस्तक मिटलं. खिशातून भोकाचा पैसा काढला. हल्लीच्या मुलांनी तो पाहिला नसेल, १९४३ ते १९४७ या काळात पाडलेला, मधोमध भोक असलेला तांबूस पैसा. तो त्यांनी टेबलावर ठेवला, वर पातळ कागद धरला आणि पेन्सिलीचं शिस आडवं करून हलकं हलकं घासायला लागले. आम्ही भोवती गोळा झालो. कागदावर आधी गोल उमटला, मग मुकुट, मग १९४४ हे साल. जादू पाहावी तसे आम्ही पाहत होतो.

सर म्हणाले, “रविवारी घरी असाल तेव्हा घरातल्या जुन्या नाण्याचा असा ठसा घ्या आणि तो घेऊन या. नाणं आणायचं नाही. ठसा आणायचा. आणि खाली चार ओळी लिहायच्या. कुणाचं, कुठून आलं, कुठे ठेवलेलं होतं, घरातलं माणूस त्याला काय म्हणतं.”

सोमवारी चाळीस पोरांनी कागद आणले. ढब्बू पैसा होता, राजाछाप रुपया होता, कमळाचे पिवळे वीस पैसे होते. आणि आमच्या वर्गातल्या एका मुलीने देव्हाऱ्यातल्या नाण्याचा ठसा आणला होता. त्यावर वेडीवाकडी, जाडजूड अक्षरं उमटली होती, ‘श्री राजा शिव’. मागच्या बाजूच्या ठशात ‘छत्र पति’. सरांनी तो कागद दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ती शिवराई होती. शिवनेरी इथून पलीकडच्या तालुक्यात, आणि तिथे जन्मलेल्या राजाचं तांब्याचं नाणं आमच्या एका वाडीत देवांच्या टाकांशेजारी कुंकू लावून घेत बसलं होतं. राज्यं गेली, पेशवाई गेली, त्यानंतरही कितीतरी वर्षं दख्खनच्या बाजारांत शिवराया फिरत होत्या. ती मुलगी आज दुसऱ्या रांगेत नातवाला मांडीवर घेऊन बसली आहे. अक्का, ती शिवराई अजून आहे ना? आहे म्हणते. जपा अक्का. आणि चिंच लावून घासू नका. पितांबरीनेही घासू नका. जुन्या तांब्यावरचा तो काळपट-हिरवा थर नाण्याची कातडी आहे, ती सोलली की अक्षरंही जातात.

माझ्या घरी नाणं म्हणजे आजीच्या गळ्यातला एकच रुपया. राणीछाप, १८६२ सालचा, कडी जडवून काळ्या दोऱ्यात ओवलेला. त्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि वजन नेमकं एक तोळा. वैद्याच्या तोंडी ‘रुपयाभार हिरड्याची पूड’ असं येतं ना, त्यातला रुपया तोच. आजी दोरा काढून देईना. म्हणाली, “दोरा नाय निघायचा, अंगावरच काय ते कर.” मग चुलीच्या उजेडात तिच्या छातीशी पाटी धरली, पाटीवर रुपया, त्यावर कागद, आणि मी पेन्सिल घासली. राणीचं तोंड उमटलं तेव्हा आजी वाकून बघत म्हणाली, “ही व्हय? एवढी वर्सं गळ्यात हाये, म्या कधी हिचं तोंड नीट पायलंच नव्हतं.”

मुलांनो, मला तुम्हाला जे सांगायचं आहे ते आजीच्या या वाक्यात आहे. आपल्या गळ्यात, खिशात, बांधावर, देव्हाऱ्यात ज्या वस्तू आहेत त्यांचं तोंड आपण नीट पाहत नाही. पाहा. आणि पाहिलंत की लिहा. त्याच दिवशी लिहा. माझं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

त्याच वर्षी सरांनी आम्हाला नाणेघाटात नेलं. एसटीने जुन्नर, तिथे एका शाळेच्या पडवीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी घाटघरपर्यंत जाऊन पुढे पायी. घाटाच्या तोंडाशी तो मोठा दगडी रांजण आहे. कोकणातून चढून येणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकायचे, असं सगळे सांगतात. आम्ही लगेच वहीत लिहिलं, ‘या रांजणात नाणी टाकत.’ सरांनी वह्या पाहिल्या आणि ते वाक्य खोडायला लावलं. म्हणाले, “रांजण तुम्ही पाहिलात, ते लिहा. त्याची उंची मोजून लिहा. नाणी टाकताना पाहिलंत का? नाही ना? मग पुढे ‘असे लोक सांगतात’ एवढं जोडा.” बारा वर्षांच्या पोराला पाहिलेलं आणि ऐकलेलं यातला फरक त्या दिवशी कळला. पुढे बँकेत पस्तीस वर्षं रोकड सांभाळली, ती या एका फरकावर.

रांजणापलीकडे लेणं आहे. आत सातवाहनांची राणी नागणिका हिचा लेख भिंतीभर कोरलेला आहे. यज्ञ केले, दान दिलं, गाई, घोडे, हत्ती आणि हजारो ‘कहापण’. कहापण म्हणजे कार्षापण, त्या काळचं नाणं. समोरच्या भिंतीत राजघराण्याच्या मूर्ती होत्या, आता वर फक्त नावं उरली आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. या लेखातले आकडे आपल्या देशातल्या आकड्यांच्या फार जुन्या रूपांपैकी आहेत. ते ओळखण्याचं काम १८७० च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केलं. जुनागढचा हा माणूस गावोगाव पायपीट करून शिलालेखांच्या नकला हातानं उतरवून घ्यायचा, आणि पुढे क्षत्रपांच्या नाण्यांचा मोठा जाणकारही झाला. हातानं उतरवून, हे लक्षात घ्या. एक अक्षर हाताखालून गेलं की ते डोळ्यात बसतं. नुसतं बघितलेलं बसत नाही.

आता नाण्यांबद्दल. नाही तर मुख्याध्यापक सर म्हणतील पाहुणा विषय सोडून बोलला.

माणूस जुनी नाणी का जमवतो, असं मला नेहमी विचारतात. मी त्यांना जोगलटेंभीची गोष्ट सांगतो. नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातलं हे गाव. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. नाणी क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रप राजाची. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती त्याचं नाव. पण त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा ठसा मारलेला. एकीकडे तीन कमानींचा डोंगर आणि खाली नागमोडी रेघ, दुसरीकडे उज्जैन चिन्ह, आणि नाव सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला आणि त्याचीच चांदी आपल्या नावाने पुन्हा चलनात आणली. चांदी वितळवून नवी नाणी पाडता आली असती. तसं केलं नाही म्हणून आज आपल्याला एकाच नाण्यावर दोन्ही राजे दिसतात, खालचा अर्धा बुजलेला आणि वरचा ताजा. पुण्यात एका वयस्क संग्राहकांनी असं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं तेव्हा मी चाळिशीत होतो. जेमतेम दोन ग्रॅमचं असेल. भिंग लावून पाहिलं, तर डोंगराच्या कमानीखालून नहपानाचं नाक डोकावत होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि हा नहपान आपल्याला परका नाही. जुन्नरला मानमोडीच्या लेण्यांत त्याच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे, वर्ष ४६ चा. त्याने तिथे पाण्याची पोढी खोदवली. ज्या राजाचा चेहरा जोगलटेंभीच्या नाण्यांवर बुजवलेला आहे, त्याच्या मंत्र्याने खोदलेलं टाकं तुमच्या शेजारच्या तालुक्यात आहे.

बँकेतला माणूस म्हणून एक गोष्ट मला फार प्रिय आहे, ती सांगू द्या. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण कायमचे ठेवले, व्याज दरमहा दर शेकडा एक. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी द्यायचे. मुलांनो, हिशोब करा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, २४०. पैला पै जुळतं. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ती मुदतठेवीची पावती आहे, दगडात कोरलेली. आपल्या जुन्नरच्या लेण्यांतही बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या अशाच ठेवींचे उल्लेख आहेत. बुरूड आणि कासार! म्हणजे टोपल्या विणणाऱ्यांवर आणि भांडी घडवणाऱ्यांवर लोकांनी धर्माचा पैसा विश्वासाने सोपवला होता. समोर बसलेल्या बचत गटाच्या ताईंनो, तुमच्या वहीत आज जे चालतं त्याची पाळंमुळं इतकी खोल गेली आहेत.

जुनं नाणं हातात धरलं की मला राजा फारसा आठवत नाही. ते ज्यांच्या हातातून गेलं ते आठवतात. घाट चढून आलेला बैलवाला, मीठ विकणारी बाई, कनवटीला गाठ मारणारी म्हातारी. नाण्याच्या कडा झिजल्या आहेत त्या या हातांनी.

आता एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका तालुक्याच्या गावी असताना एक शेतकरी माझ्याकडे सात नाणी घेऊन आला. शिशाची, जड, काळपट, एकावर हत्ती स्पष्ट. नांगरताना मिळाली म्हणाला. मी हरखून गेलो. पैसे दिले, नाणी घेतली, रुमालात बांधली. जमिनीत सापडलेल्या धनाचा कायदा तेव्हा मला ठाऊक नव्हता. आणि कुठल्या शेतात मिळाली, किती खोलवर, सोबत खापरं होती का, यातलं काहीही मी त्याला विचारलं नाही. त्याचं गावसुद्धा लिहून घेतलं नाही. सरांचा विद्यार्थी असून! काही महिन्यांनी पुण्यातल्या एका अभ्यासकांना ती दाखवली. ते नाणी पाहून म्हणाले, “सातवाहनांची आहेत. कुठली?” मला सांगता आलं नाही. त्यांनी ती हलकेच परत माझ्या हातात ठेवली. त्या शेतकऱ्याचा मी पुष्कळ शोध घेतला, तो पुन्हा भेटला नाही. पुढे ती सातही नाणी मी एका वस्तुसंग्रहालयात जमा केली. तिथल्या कार्डावर ‘प्राप्तिस्थान’ या शब्दापुढे एक रेघ मारलेली आहे. ती रेघ माझी आहे.

याच्या उलट विदर्भातलं तऱ्हाळा पाहा, मंगरूळपीर तालुक्यातलं. १९३९ मध्ये तिथे सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला, सरकारदरबारी पोचला, आणि वासुदेव विष्णु मिराशींनी त्याचा अभ्यास केला. त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही नावं निघाली. पुराणांतल्या राजांच्या याद्यांमध्ये ही नावं नाहीत. म्हणजे ती माणसं होऊन गेली हेच कुणाला ठाऊक नव्हतं. नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती तर ते राजे दुसऱ्यांदा मेले असते.

म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. नांगराला, पायाच्या खोदाईत, बांध घालताना काही लागलं तर ते तिथून हलवण्याआधी जागा नीट बघून ठेवा आणि घोडेगावला तहसील कचेरीत कळवा. १८७८ पासून तसा कायदा आहे, जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन कलेक्टरला कळवायचं. कळवलं तर घर जप्त होतं, ही भीती मी खेड्याखेड्यात ऐकली आहे. तसं काही होत नाही. मोडीच्या भावानं विकलेलं नाणं मात्र परत मिळत नाही. आपल्या तालुक्याला ज्याच्यामुळे नाव मिळालं ते आंबेगावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं. तिथल्या घरांच्या उंबऱ्याखाली, चुलीखाली काय काय होतं, कुणी लिहून ठेवलंय? समोर बसलेल्यांपैकी काहींचे आईवडील त्या गावातून उठून आले. आजोबा, तुम्ही मान हलवताय. तुम्हाला ते गाव आठवतं. आज घरी गेल्यावर नातीला शेजारी बसवा आणि कोणतं घर कुठे होतं ते सांगा. आणि बाळ, तू ते लिही. तारीख घाल. आजोबांनी सांगितलं, असं लिही.

मुलांनो, तुमच्या खिशात मोबाईल आहे, तुम्ही फोटो काढता, फार चांगलं. पण फोटोखाली कोण लिहितं की हे कुणाचं, कुठलं, कधी पाहिलं? दोन वर्षांनी तो फोटो माझ्या सात नाण्यांसारखाच होतो. रोज एक ओळ लिहा. आज कोणता पक्षी पाहिला, हिरड्याला काय भाव मिळाला, ओढ्याला पाणी कधीपर्यंत होतं, आजी कोणत्या भाताला काय म्हणाली. पाहिलेलं असेल तर पाहिलं म्हणा, ऐकलेलं असेल तर ऐकलं म्हणा. मी साठी ओलांडली आहे, आयुष्यात बरंच काही करून पाहिलं. रोजच्या एका ओळीइतकं माझ्या कामी दुसरं काही आलेलं नाही. हे मी पुन्हा सांगतो, आणि मुख्याध्यापक सरांनी परत बोलावलं तर पुन्हा येऊन सांगेन.

ज्यांना हा छंद खरोखर करायचा आहे, त्यांच्यासाठी थोडं. प्राचीन नाण्यापासून सुरुवात करू नका, त्यात ओतीव नकली माल फार आहे. खऱ्या जुन्या नाण्यावर बहुधा ठशाचा घाव असतो, ओतलेल्या नकलेच्या कडेला जोडाची बारीक रेघ आणि अंगावर बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. ते ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. तो खिशातल्या रुपयावर तयार करा. आत्ता काढा बरं. सालाच्या खाली बघा. चौकटीसारखं चिन्ह असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. बघा, निम्म्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा रुपयाचं तोंड नीट पाहिलं. पुढे मोठं झाल्यावर शिकावंसं वाटलं तर नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संशोधन संस्था आहे, तिथे जा. एवढंच मार्गदर्शन. उरलेलं कागदावर आहे, तो मी मुख्याध्यापक सरांकडे देतो.

शेवटी, मी येताना दोन गोष्टी आणल्या आहेत. एक, या खोक्यात शंभर कोऱ्या वह्या आणि शंभर पेन्सिली आहेत. पाचवी ते आठवीच्या मुलांना मामांच्या हातून वाटाव्यात, अशी माझी इच्छा आहे.

दुसरी ही वही. १९७८ ची माझी, ठशांची. माझा पहिला संग्रह हाच, आणि त्यात एकही नाणं नव्हतं. आजीचा रुपया पुढे चार वर्षांनी आईच्या आजारपणात बाजारात मोडला. तो कधीच वितळला असेल. या वहीत तो आहे, दोन्ही बाजूंनी, कडीसकट. खाली माझ्या अक्षरात लिहिलं आहे, ‘आजीच्या गळ्यात. दोरा काढला नाही.’ आणि बाजूला सरांनी लाल शाईत विचारलं आहे, ‘आजीला कोणी दिला?’ त्याचं उत्तर मी दुसऱ्या दिवशी आजीला विचारून लिहिलं, तेही तिथे आहे. ही वही शाळेच्या कपाटात राहावी. मुलांना हाताळू द्या, कुलपात ठेवू नका. फक्त नववं पान उलटताना जरा जपून, ते कडीपाशी फाटलं आहे.